वसिष्ठ एक की अनेक?

लग्नात सप्तपदी झाली की नवरा-नवरीला अंगणात नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगून असलेली मंद चांदणी अरुंधती. दोघांमध्ये अंतर १२ कलांचे. मापे पंचांगातलीच: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम ३० कलांचा असतो. चांगल्या नजरेला साधारण एका कलेच्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात, म्हणून आकाश स्वच्छ असेल तर अरुंधती दिसते.

पण वसिष्ठही एकटा नाही. १६१७ मध्ये बेनेदेत्तो कास्तेली या शिष्याने गॅलिलिओला या ताऱ्याकडे दुर्बीण लावायला सांगितले आणि गॅलिलिओला तिथे दोन तारे दिसले. त्यांच्यात अंतर सुमारे १४ विकला. डोळ्याला जो एक, तो दुर्बिणीत दोन कसा झाला? ‘दुर्बीण मोठे करून दाखवते’ हे उत्तर शाळेपासून आपल्या तोंडी बसले आहे. ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश ही लहर आहे आणि कोणत्याही तोंडातून आत शिरताना लहर थोडी पसरते. यालाच विवर्तन म्हणतात. त्यामुळे भिंग कितीही निर्दोष घासलेले असले, तरी ताऱ्याची प्रतिमा बिंदू न राहता बारीक चकती होते आणि तिच्याभोवती फिकट कडी उमटतात. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या चकतीचे गणित मांडले. दोन तारे फार जवळ असले की त्यांच्या चकत्या एकमेकींवर चढतात. एका चकतीचा मध्य दुसरीच्या पहिल्या काळ्या कड्यावर आला, तर दोन तारे जेमतेम वेगळे कळतात, असा निकष पुढे लॉर्ड रॅले यांनी घालून दिला. त्यातून विभेदनक्षमतेचे सूत्र मिळते: तरंगलांबीला व्यासाने भागा आणि १.२२ ने गुणा. या सूत्रात ‘किती पट’ हा आकडा कुठेही नाही. चकत्या एकमेकींत मिसळल्या असतील, तर पट वाढवून मोठी होते ती फक्त त्यांची सरमिसळ. धूसर फोटो मोबाइलवर बोटांनी ताणावा, तसे.

दृश्य प्रकाशासाठी हिशेब सोपा आहे. १३८ ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की उत्तर विकलांमध्ये येते. ६० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीची मर्यादा २.३ विकला, म्हणजे वसिष्ठाची जोडी तिला अगदी सोपी. मोठ्या दुर्बिणींच्या वाटेत मात्र वातावरण आडवे येते. हवेच्या थरथरीमुळे जमिनीवरून एका विकलेच्या आसपास सगळेच अंधुक होते. २.४ मीटर आरशाची हबल अवकाशात पाठवली, त्याचे हे एक मोठे कारण.

वसिष्ठाची गोष्ट इथेही संपत नाही. त्या जोडीतल्या तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होतात, हे एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केले. म्हणजे तिथेही दोन तारे आहेत आणि साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. त्यांच्यातले अंतर विकलेच्या शंभराव्या भागाच्या आसपास! ते फोडायला सूत्राप्रमाणे सुमारे १४ मीटर व्यासाचा आरसा हवा, तोही वातावरणाचा अडथळा नसताना. एवढा अखंड आरसा आजवर कोणी बनवलेला नाही. मग शास्त्रज्ञांनी दूर दूर ठेवलेल्या लहान आरशांचा प्रकाश एकत्र आणला आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये या जोडीच्या प्रतिमा मिळवल्या. तिथे व्यासाचे काम आरशांमधल्या अंतराने केले.

हीच युक्ती रेडिओ लहरींसाठी आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला पाहता येते. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. एवढी अवाढव्य थाळी, पण २१ सेंटिमीटरच्या लहरींना एकटीची विभेदनक्षमता साधारण २० कला. आपला उघडा डोळा तिच्यापेक्षा कितीतरी बारीक पाहतो! कारण एकच: लहर लांब. म्हणूनच अँटेना २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, आणि मग तीच मर्यादा सुमारे दोन विकलांवर येते. मोठेपणापेक्षा मांडणीने साधलेले हे काम मला या साऱ्या विषयातले सर्वात देखणे वाटते.

तेव्हा मुलांसाठी दुर्बीण घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरच्या ‘शेकडो पट’ या आकड्याला भुलू नका, आधी व्यास विचारा. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला साधारण १२० पटींपुढे नेण्यात काही हशील नाही. एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच असतात, आणि वसिष्ठाचे दोन तारे वेगळे पाहायला ४० पट पुरेशी आहे.