विश्लेषण : कानाच्या नसेवरील गाठ काढल्यानंतर चेहरा वाकडा होईल का? डॉक्टरांना हे आधी कळते का?

‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटांत हल्कची भूमिका करणारा हॉलीवूड अभिनेता मार्क रफालो याला २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या नसेवर गाठ असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, पण त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. अनेक महिन्यांनी चेहऱ्याची हालचाल परतली, डाव्या कानाने ऐकू येणे मात्र कायमचे बंद झाले. रफालोने हा अनुभव मुलाखतींमधून सांगितला आहे. अशा गाठीच्या प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या नातेवाईकांना हाच प्रश्न भेडसावतो. चेहरा पूर्वीसारखा राहील का, आणि बिघडलाच तर सुधारेल का? याचे उत्तर आधी देता येते का, हे जाणून घेऊ.

ही गाठ नेमकी कुठे असते?

या गाठीला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. वैद्यकीय भाषेत तिचे अधिक अचूक नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा आहे, कारण ती बहुतेक वेळा शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून वाढते. ही गाठ कर्करोगाची नसते. वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना तिचे निदान होते. एका कानाने कमी ऐकू येणे, कानात सतत आवाज येणे आणि तोल जाणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत.

मग चेहऱ्याचा संबंध काय?

अडचण शेजाराची आहे. कवटीच्या हाडात एक अरुंद बोगदा असतो. ऐकण्याची, तोल सांभाळण्याची आणि चेहरा हलवणारी अशा नसा याच बोगद्यातून जातात. गाठ वाढू लागली की चेहऱ्याची नस बाजूला ढकलली जाते, ताणली जाते आणि कधी कधी पातळ पापुद्र्यासारखी गाठीवर पसरते. शस्त्रक्रियेत सर्जनला हा पापुद्रा न दुखावता गाठ सोडवावी लागते. गाठ जितकी मोठी आणि नसेला जितकी चिकटलेली, तितकी जोखीम जास्त.

या नसेला इजा झाली तर हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते, पाणी पिताना ओठांच्या कडेने गळते आणि डोळा मिटत नाही. यातील डोळ्याचा धोका सर्वांत गंभीर असतो. पापणी बंद न झाल्याने बुब्बुळ कोरडे पडून जखम होऊ शकते आणि दृष्टीलाही अपाय होऊ शकतो.

चेहऱ्याची हालचाल मोजतात कशी?

यासाठी जगभर हाउस-ब्रॅकमन श्रेणी वापरली जाते. जॉन हाउस आणि डेरल्ड ब्रॅकमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८५ मध्ये ती मांडली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे चेहरा पूर्णपणे सामान्य आणि सहावी म्हणजे अजिबात हालचाल नाही. तिसऱ्या पायरीवर दोष दिसतो, पण जोर लावून डोळा पूर्ण मिटतो. चौथ्या पायरीवर डोळा पूर्ण मिटत नाही. त्यामुळे तिसरी आणि चौथी यांतील फरक रुग्णासाठी फार मोठा असतो. पहिली किंवा दुसरी पायरी मिळाली तर निकाल चांगला मानतात.

नस अखंड राहिली म्हणजे काम झाले का?

नाही. जर्मनीतील हॅनोव्हर येथे डॉ. मजीद सामी यांच्या पथकाने १९७८ ते १९९३ दरम्यान अशा १००० गाठींवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी ९३ टक्के शस्त्रक्रियांमध्ये चेहऱ्याची नस अखंड राखता आली. पण ‘अखंड’ आणि ‘कार्यरत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. वायर तुटलेली नसली तरी तिच्यातून वीज जातेच असे नाही, तसेच नसेचेही आहे. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली नस नुसती दिसणे पुरेसे नाही, ती संदेश वाहते का हे तपासावे लागते.

ही तपासणी कशी होते?

भूल दिल्यानंतर रुग्णाच्या डोळ्याभोवती आणि ओठांजवळच्या स्नायूंत बारीक सुया टोचून त्यांतील विद्युत हालचाल सतत नोंदवली जाते. स्नायूंनी प्रतिसाद द्यायला हवा, म्हणून या काळात स्नायू शिथिल करणारी औषधे टाळतात. सर्जन एका बारीक टोकाच्या उपकरणाने नसेला अगदी थोडा विद्युतप्रवाह देतो. नस काम करत असेल तर स्नायू आकुंचन पावतात, पडद्यावर लाट उमटते आणि स्पीकरवर आवाज येतो. हे तंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने या गाठीच्या शस्त्रक्रियेत त्याचा फायदा स्पष्टपणे सिद्ध झाल्याचे म्हटले.

भाकीत कशावरून करतात?

गाठ निघाल्यावर नस मेंदूतून जिथे बाहेर पडते, तिथे प्रवाह दिला जातो. सुमारे ०.०५ मिलिअँपिअर इतक्या कमी प्रवाहालाही चेहऱ्याचे स्नायू चांगला प्रतिसाद देत असतील, तर पुढे चेहरा चांगला राहण्याची शक्यता मोठी असते. साध्या एलईडीला साधारण २० मिलिअँपिअर लागतात, त्याचा हा चारशेवा भाग आहे. नसेला जागे करायला जितका जास्त प्रवाह लागेल, तितकी शंका वाढते. मेंदूजवळ आणि कानाच्या बाजूला दिलेल्या प्रवाहाच्या प्रतिसादांची तुलनाही केली जाते.

प्रवाह मेंदूजवळच का द्यायचा, यालाही कारण आहे. नस मध्येच दुखावली तरी इजेच्या पुढचा भाग पुढील काही दिवस विजेला प्रतिसाद देत राहतो. चुकीच्या जागी तपासले तर सर्व ठीक असल्याचा भास होईल. याशिवाय डोक्यावरून मेंदूला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन संपूर्ण मार्ग तपासण्याची पद्धतही आहे. शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयमधून गाठीचा आकार कळतो आणि काही केंद्रांत नस कोणत्या बाजूला सरकली आहे, याचा नकाशाही काढतात. हे सर्व आकडे एकत्र करून भाकीत करणाऱ्या मशीन लर्निंग प्रणालींवरही संशोधन सुरू आहे.

हे भाकीत कितपत खरे ठरते?

इथे दोन बाजू आहेत. ‘चेहरा चांगला राहील’ हे भाकीत बऱ्यापैकी भरवशाचे असते. ‘चेहरा सुधारणार नाही’ हे भाकीत मात्र तितके भरवशाचे नसते.

याचे कारण इजेच्या प्रकारात आहे. काही वेळा ताणामुळे नस फक्त बधिर होते. आतले तंतू शाबूत असतात, पण संदेश तात्पुरता अडतो. काही वेळा तंतू तुटतात, पण बाहेरचे आवरण टिकते. मग तंतू पुन्हा दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात. तिसऱ्या प्रकारात नस पूर्ण तुटते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिन्ही प्रकारांत मेंदूजवळच्या तपासणीत प्रतिसाद मिळत नाही. त्या क्षणी मशीनला ‘आत्ता चालत नाही’ एवढेच सांगता येते, ‘कधीच चालणार नाही’ असे नाही. याउलट काही रुग्णांचा चेहरा सुरुवातीला ठीक असतो आणि काही दिवसांनी लुळा पडतो. अशा उशिरा आलेल्या लुळेपणातून बहुतेक जण चांगले सावरतात.

मग अशा भाकिताचा उपयोग काय?

त्यावर दोन मोठे निर्णय अवलंबून असतात. पहिला शस्त्रक्रिया चालू असतानाच घ्यावा लागतो. नसेचा प्रतिसाद घसरू लागला तर सर्जन तिला चिकटलेला गाठीचा पातळ थर तसाच सोडू शकतो. पुढे एमआरआयने त्यावर लक्ष ठेवतात आणि तो वाढला तर किरणोपचार देतात. गाठ पूर्ण काढणे की चेहरा वाचवणे, यातील तडजोड रुग्णाशी आधीच बोलून ठेवावी लागते.

दुसरा निर्णय किती वाट पाहायची याचा. नस अखंड असेल तर सहसा काही महिने ते वर्षभर सुधारणेची वाट पाहतात. सुधारणा होत नसेल तर जिभेची किंवा चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. मात्र नसेशिवाय राहिलेले स्नायू हळूहळू सुकतात. दीड-दोन वर्षांनंतर अशा जोडणीचा फायदा घटतो. फार लवकर जोडणी केली तर आपोआप सावरणारी नस वाया जाते, फार उशीर केला तर स्नायू हातचे जातात.

रुग्णाने काय विचारावे?

प्रत्येक गाठीला लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. अनेक लहान गाठी वर्षानुवर्षे वाढत नाहीत, त्यांच्यावर नुसते लक्ष ठेवतात. लहान आणि मध्यम गाठींसाठी गॅमा नाइफचा पर्याय असतो. स्टॉकहोममध्ये १९६९ पासून या गाठीवर तो वापरला जात आहे. त्यात चेहऱ्याच्या नसेला धोका कमी असतो, पण गाठ निघत नाही, तिची वाढ थांबवली जाते. मेंदूवर दाब देणाऱ्या मोठ्या गाठीला मात्र सहसा शस्त्रक्रियाच लागते.

शस्त्रक्रिया ठरलीच तर काही प्रश्न आधी विचारून घ्यावेत. या रुग्णालयात अशा किती शस्त्रक्रिया होतात? नसेची तपासणी शस्त्रक्रियेदरम्यान सतत केली जाते का? नस धोक्यात आली तर गाठीचा भाग ठेवणार की पूर्ण काढणार? शस्त्रक्रियेनंतर डोळा मिटत नसेल तर पहिल्या दिवसापासून दिवसा डोळ्यांत थेंब टाकणे, रात्री मलम लावणे आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवणे गरजेचे आहे. चेहरा परत यायला महिने लागू शकतात, डोळ्याची काळजी मात्र त्याच दिवशी सुरू करावी लागते.