वेष्टन कोणाचे, भुर्दंड कोणाला?

मुंबईची तहान भागविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्यांच्या परिसरातील ओढ्यानाल्यांत खाद्यपदार्थांची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्या साचू नयेत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या स्वच्छतेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा ठरली. कारखान्यातच मालाला चढविलेले वेष्टन मात्र काही अटींवर वगळण्यात आले. म्हणजे कसाऱ्याच्या वाटेवरील टपरीवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत भजी बांधून दिली, तर तो गुन्हेगार. त्याच टपरीवर टांगलेल्या वेफर्सच्या चकचकीत पुड्यांचा निर्माता निर्दोष!

केंद्र सरकारने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम जाहीर करून ही विसंगती काहीशी दूर केली. ज्याने वेष्टन बाजारात आणले, त्याने त्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था करावी अथवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तेवढ्याचे प्रमाणपत्र विकत घ्यावे, हे तत्त्व योग्यच आहे. मोठी कंपनी हा खर्च लाखो पुड्यांवर विभागते. टपरीवाल्याचा दंड मात्र त्याच्या एकट्याच्या गल्ल्यातून जातो. शिवाय प्रमाणपत्रापुरता कचरा जेथे स्वस्तात मिळेल तेथूनच, म्हणजे शहरांतूनच, उचलला जाणार. मुरबाडच्या बाजारातून माळशेजच्या पायथ्याशी पोहोचलेल्या पुड्याकडे कोण पाहणार? भंगारवाला बाटली नेतो, पण अनेक थरांच्या पुड्याला तो कवडीही देत नाही.

तेव्हा उत्पादकांकडून येणाऱ्या या पैशाचा ठराविक वाटा ग्रामपंचायतींना मिळावा व त्यातून आठवड्याला गाडी फिरावी. टपऱ्या व खानावळींना दंडाआधी पर्याय द्यावा. या तालुक्यांच्या रानांत पळस आहे, पत्रावळी लावणारे ठाकूर-कातकरी स्त्रियांचे हात आहेत. उणीव आहे ती खात्रीच्या गिऱ्हाइकाची. शासकीय समारंभ, आश्रमशाळा आणि यात्रा यांनी ती भरून काढावी.

कायदा कडक असावा, याविषयी वाद नाही. परंतु त्याची धार केवळ दुबळ्याच्याच मानेवर चालू लागली, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही, आणि ओढेही स्वच्छ होणार नाहीत.