हालचालींचे मोजमाप

कुंभकोणम् हे तमिळनाडूतील कावेरीकाठचे मंदिरांचे नगर होय. दर बारा वर्षांनी महामहम् उत्सव भरतो तो विस्तीर्ण तलाव याच नगरात आहे. कल्पना करा, की एक तरुणी रोज पहाटे या तलावाला फेऱ्या घालते. ती जेवण टाळते, दिवसेंदिवस कृश होत जाते. तरीही तिच्या फेऱ्या वाढतच आहेत. पाहणारे तिच्या उत्साहाचे कौतुक करतील. प्रत्यक्षात मात्र ते एखाद्या गंभीर आजाराचे लक्षण असू शकते.

अन्नाविषयीची भीती किंवा खाण्यावरील ताबा सुटणे यांमुळे शरीर व मन दोन्ही खालावतात, तेव्हा त्या स्थितीला आहारविकार म्हणतात. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हा त्यांपैकी एक. या विकाराला हे नाव देणारे इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ साली एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. अत्यंत क्षीण झालेली रुग्ण मुलगी स्वस्थ बसत नसे. सतत वावरत असे. पुढे १९६७ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसातून थोडाच वेळ अन्न मिळणाऱ्या उंदरांना धावण्याचे चाक दिले, तेव्हा ते अधिकाधिक धावू लागले आणि त्यांचे खाणे कमी झाले. उपासमार आणि हालचाल यांचा संबंध केवळ इच्छाशक्तीचा नाही, हे यावरून ध्यानात येते.

हे विकार आपल्या देशातही आढळतात. तमिळनाडूतीलच वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी मुले व किशोरवयीन रुग्णांमधील आहारविकारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९९५ साली, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी पाच तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांचे वजन बरेच घटले होते. पण अतिहालचाल त्यांच्यात दिसली नव्हती. म्हणजे प्रत्येक रुग्णात हे लक्षण असतेच असे नाही. म्हणूनच अंदाजावर विसंबून न राहता मोजमाप करावे लागते.

हे मोजमाप कसे करतात? पहिली रीत म्हणजे रुग्णाला विचारणे. परंतु रुग्ण कधी संकोचाने खरे सांगत नाही, तर कधी आपण किती हालचाल करतो हे त्याला स्वतःलाच उमगत नाही. पाणी भरणे, पहाटे दारात कोलम काढणे, उभ्यानेच अभ्यास करणे यांना कोणी व्यायाम म्हणत नाही. शक्ती मात्र त्यांतही खर्च होते. दुसरी रीत म्हणजे कमरेला किंवा मनगटाला बांधायचे अ‍ॅक्सेलरोमीटर हे लहानसे यंत्र. ते शरीराची हालचाल दिवसरात्र टिपून ठेवते.

यंत्रालाही मर्यादा आहेत. कमरेवरील यंत्राला हातांची कामे नीट कळत नाहीत. घड्याळातील कॅलरींचा आकडा सामान्यतः निरोगी माणसांवरून बसवलेल्या हिशेबाने निघतो. उपासमारीत शरीर शक्ती वाचवू लागते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे ठोक्यांवरून काढलेला अंदाज अशा रुग्णाच्या बाबतीत फसवा ठरू शकतो.

यापेक्षाही मोठा धोका आकड्याचाच आहे. ‘काल इतकी पावले झाली, आज त्याहून अधिक हवीत’ हा विचार निरोगी माणसाला प्रोत्साहन देईल. आहारविकार जडलेल्या व्यक्तीचा तो आजार वाढवू शकतो. यास्तव असे मोजमाप डॉक्टरांच्या देखरेखीखाली होणे योग्य. पडद्यावर आकडा न दाखवणारे यंत्र त्यासाठी सोयीचे ठरते. मिळालेल्या नोंदीवरून आहार किती वाढवावा, विश्रांती किती द्यावी आणि चालणे पुन्हा केव्हा सुरू करावे, हे ठरवण्यास मदत होते.

आपल्या घरात किंवा शेजारी कोणी जेवण टाळून अखंड हालचाल करीत असेल, तर त्याला रागावू नये आणि त्याची वाखाणणीही करू नये. आपुलकीने बोलावे व डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पावले यंत्र मोजू शकते; त्या पावलांमागील वेदना मात्र माणसानेच ओळखावी लागते.