विश्लेषण : फिश टँकचा लाकडी स्टँड मजबूत कशाने होतो? जाड लाकडाने की जोडणीने?

दोन फुटी फिश टँक घरातल्या कोणत्याही बऱ्या टेबलावर राहतो. खरी अडचण येते हौस वाढल्यावर. चार फुटी टाकी घ्यायचे ठरते, मासे, फिल्टर आणि दिव्यांचा हिशेब होतो आणि स्टँडचा विषय शेवटी उरतो. दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात. एक लोखंडी अँगलचा सांगाडा, दुसरे भुशाच्या दाबीव बोर्डाचे देखणे कपाट. पहिल्याला गंज धरतो, दुसऱ्याच्या कडेत एकदा पाणी शिरले की बोर्ड फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. लाकडी चौकटीचा स्टँड या दोन्हींपेक्षा स्वस्तात आणि घरच्या घरी होऊ शकतो. मात्र त्याची मजबुती कुठून येते याविषयी बरेच गैरसमज आहेत.

भरलेल्या टाकीचे वजन किती?

पाण्याचा हिशेब सोपा आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी ९ घनफुटांची, म्हणजे सुमारे २५५ लिटरची. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन ५० किलोच्या आसपास भरते. त्यात खडी, दगड, फिल्टर आणि खुद्द स्टँड धरला, की आकडा साडेतीनशे किलोंपर्यंत जातो. पाच माणसे एका बाकड्यावर दाटीवाटीने बसावीत एवढे हे ओझे, आणि ही माणसे वर्षानुवर्षे उठणार नाहीत. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम ५७ लिटर पाणी असते. त्यामुळे लहान टाकीच्या अनुभवावरून मोठ्या टाकीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

एवढ्या वजनाला जाडजूड पाय हवेतच का?

नाही. पैसे वाया जातात ते इथेच. आखूड आणि सरळ उभे लाकूड दाबाला विलक्षण दाद देत नाही. पाइनसारखे मऊ लाकूड धरले आणि दर चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन एवढाच बेताचा ताण गृहीत धरला, तरी दोन इंच चौरस पाय सुमारे एक टन भार पेलतो. साडेतीनशे किलो सहा पायांत वाटले तर मधल्या पायांवर थोडे जास्त धरूनही एका पायाच्या वाट्याला शंभर किलोही येत नाहीत. चार इंची सागवानी खांब लावणे ही हौस आहे, गरज नव्हे.

लक्ष द्यायचे ते आडव्या पट्ट्यांकडे, कारण त्या वाकतात. चार इंच रुंद आणि दोन इंच जाड पट्टी पालथी ठेवण्याऐवजी कडेवर उभी ठेवली की ती चौपट ताठ होते. लाकूड तेच, किंमत तीच. दुसरा उपाय मधल्या पायाचा. दोन पायांमधले अंतर निम्मे केले की पट्टीचा बाक सोळाव्या हिश्शावर येतो. काचेच्या टाकीला हा बाक सोसत नाही. तळाची काच मधे अधांतरी राहिली की ताण सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो आणि टाकी एखाद्या कोपऱ्यातून पाझरू लागते.

मग लाकडी स्टँड मोडतात कशामुळे?

बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिले म्हणजे वजन लाकडावर न टेकता स्क्रूवर लटकणे. पायांच्या बाजूला आडवी पट्टी लावायची आणि चार स्क्रू पिळायचे, ही घाईची पद्धत. अशा जोडणीत सारे ओझे स्क्रूच्या बारीक दांड्यांवर येते. त्यातून ते जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रू असले तर अधिकच वाईट, कारण ते कडक पण ठिसूळ असतात आणि वाकण्याऐवजी तुटतात. वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकली पाहिजे, पाय खालच्या चौकटीवर आणि ती चौकट जमिनीवर. टाकीपासून फरशीपर्यंत लाकूड लाकडावर बसलेले हवे. या रचनेत स्क्रू आणि गोंद यांचे काम एवढेच, की तुकडे जागचे हलू नयेत.

दुसरे कारण डुलण्याचे आहे. काडेपेटीचे बाहेरचे खोके रिकामे असताना बोटाने बाजूने दाबले तर चटकन तिरके होते. आतला खण घातला की हलत नाही. चार पाय आणि चार पट्ट्यांचा सांगाडा त्या रिकाम्या खोक्यासारखा असतो. वरून दाबला तर भक्कम, बाजूने ढकलला तर लटपटणारा. मूल टेकून उभे राहिले किंवा टाकी साफ करताना हाताचा रेटा बसला, तर नेमका बाजूचाच धक्का लागतो. मागच्या बाजूला पूर्ण लांबी-उंचीची प्लाय गोंद लावून, दर सहा इंचांवर स्क्रू मारून बसवली की हे डुलणे थांबते. दोन्ही अरुंद बाजूंनाही आडोसा किंवा किमान एक तिरपी पट्टी हवी. पुढची बाजू फिल्टर आणि खाद्याच्या डब्यांसाठी मोकळी राहिली तरी चालते. पाठीमागची प्लाय ‘दिसत नाही, मग कशाला’ म्हणून वगळणे ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे. पालघरसारख्या, २०१८ च्या अखेरीपासून वारंवार भूकंपाचे धक्के बसलेल्या भागात तर स्टँड भिंतीलाही अडकवून ठेवावा.

लाकूड कोणते आणि किती लागते?

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट उंच स्टँडसाठी वरच्या चौकटीला दोन बाय चार इंचाच्या, तर पाय आणि खालच्या चौकटीला दोन बाय दोनच्या पट्ट्या पुरतात. सगळे मिळून साधारण दीड घनफूट लाकूड होते. वखारीत भाव घनफुटावर असल्याने हा आकडा हाती असलेला बरा. प्लायचा हिशेबही जमून येतो. आठ बाय चारचा अर्धा तक्ता, म्हणजे चार बाय चारचा तुकडा घेतला की त्यातून दीड फुटाचा माथा आणि अडीच फुटांची पाठ निघते. करवतीच्या पात्याने खाल्लेले दोन-तीन मिलिमीटर पाठीतून वजा करायचे.

लाकडाच्या जातीपेक्षा ते वाळलेले आहे की नाही याला जास्त महत्त्व आहे. ओले लाकूड स्टँड बनल्यावर वाळते, पिळते आणि सपाट माथा वाकडा करते. म्हणूनच जुन्या वाड्या-चाळींच्या पाडकामातून निघालेल्या दारांच्या चौकटी आणि तुळया या कामाला उत्तम. जे काही पिळायचे ते पिळून त्या कधीच स्थिरावलेल्या असतात. फक्त आतले खिळे आणि वाळवीची पोखरण तपासून घ्यावी. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केट किंवा मुंबईत रे रोडच्या वखारींतून नवे पाइन घेतले तरी काम होते. तिथे पट्टी डोळ्यासमोर धरून लांबीतून सरळ आहे का ते पाहावे आणि मोठी गाठ आडव्या पट्टीच्या मध्यावर, खालच्या कडेला येणार नाही अशी मांडणी करावी. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडले नाही तर पट्टीचे टोक हमखास चिरते.

प्लायवर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असेल तर ती मरीन प्लाय. ‘आयएस ३०३’ मध्ये पाण्याला अधिक टिकणारा आणि नुसती दमट हवा सोसणारा असे दोन प्रकार येतात. त्यातला पहिला घ्यावा.

पाण्यापासून बचाव कसा?

टाकी फुटणे दुर्मीळ. स्टँड कुजवते ते रोजचे चार थेंब, पाणी बदलतानाची सांडलवंड आणि फरशी पुसण्याचे ओले फडके. उघडी कड आणि लाकडाचे कापलेले टोक पाणी सर्वांत जास्त पिते, पण रंग देताना नेमक्या त्याच जागा सुटतात. सांगाडा जोडण्याआधीच टोकांना दोन हात ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन द्यावे. खालच्या चौकटीखाली रबराचे तुकडे ठेवले की ती फरशीपासून सुटी राहते.

विजेचा बोर्ड टाकीच्या खाली, स्टँडच्या आत नसावा. वायर आधी बोर्डाच्या खाली झोळ घेऊन मग वर प्लगकडे गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते.

जमिनीला हे झेपेल का?

घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ‘आयएस ८७५’ मध्ये दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरला जातो. चार फुटी टाकी अर्ध्या चौरस मीटरवर साडेतीनशे किलो ठेवते. हा भार स्लॅब आजूबाजूला वाटून घेतो. त्यामुळे सुस्थितीतल्या आरसीसी इमारतीत टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवल्यास सहसा अडचण येत नाही. दक्षिण मुंबईतल्या लाकडी पाटणीच्या जुन्या इमारती, गळका स्लॅब किंवा सळ्या उघड्या पडलेले छत यांची गोष्ट वेगळी. तिथे संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय मोठी टाकी नको.

पाणी कधी भरायचे?

आधी रिकामी टाकी थेट माथ्यावर ठेवून चारही कडांखाली कागद सरकवून पाहावा. कागद आत शिरला तर तिथे माथा खोल आहे. तो रंधून किंवा पातळ पट्टी चिकटवून दुरुस्त करावा. टाकीखाली घालायचा १० ते १२ मिलिमीटरचा थर्मोकोल बारीक खडबडीतपणा शोषतो, पीळ नव्हे. मग पाणसळ लावावी. आपल्याकडे फरशीला मोरीकडे किंवा बाल्कनीकडे उतार असतोच, त्यामुळे एखादी पाचर मारावी लागते. ती फरशी आणि स्टँड यांच्यामध्ये मारायची, टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही नाही.

पाणी एक चतुर्थांश भरून पाणसळ पुन्हा पाहावी, नंतर निम्मे भरून, मग पूर्ण. भरलेल्या टाकीतले पाणी दोन्ही टोकांना काचेच्या वरच्या कडेपासून किती खाली आहे ते मोजले की उरलासुरला कल कळतो. आठवडाभराने तेच माप पुन्हा घ्यावे. फरक पडला असेल तर पाणी उपसूनच दुरुस्ती करावी, भरलेली टाकी उचकटू नये. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू जमायला तसेही काही आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासे सोडायचे नसतात.