जुना टीव्ही उघडण्याआधी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काळातले शटरवाले कृष्णधवल संच आज माळ्यावर नाहीतर भंगारात सापडतात. सापडला की लगेच प्लग लावू नका. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. थेट २३० व्होल्ट मिळाले तर ते फुटतात आणि जाताना इतर भागही घेऊन जातात. म्हणून मुरलेले मेकॅनिक आधी हे कंडेन्सर बदलतात, मग तारेचा जुना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज देतात. बल्ब भगभगीत पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. इथे एलईडी चालत नाही.

खरा धोका पिक्चर ट्यूबचा. मोठ्या कृष्णधवल ट्यूबला दहा हजारांहून अधिक व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही हा भार तिच्यात साठून राहतो. तो जाणकाराकडूनच उतरवून घ्या. ट्यूबची मान तडकली की हवा आत शिरते, खेळ खलास! कंडेन्सर, रेझिस्टर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतील. घरगुती टीव्हीची नवी ट्यूब नाही. तेव्हा विकत घेताना लाकडी पेटीच्या पॉलिशवर भाळू नका, ट्यूब तपासा.

अँटेनावरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झाले आहे. चित्र हवे तर सेट-टॉप बॉक्सला आरएफ मॉड्युलेटर जोडावा लागतो. तो व्हीएचएफचाच घ्या. यातले बरेच संच यूएचएफ पकडतच नाहीत.