पर्मनंट? पण कशात?

मोशीत नाशिक हायवेच्या टपरीवर कटिंग मारताना एकच सवाल कानावर पडतो, 'पर्मनंट झालास का?' डिप्लोमावाला असो की बीईवाला, टेन्शन सेम. घरच्यांचंही! मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. लांब कशाला, तळेगावचंच बघा ना. जनरल मोटर्सचा प्लँट २००८ मध्ये थाटात सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पर्मनंट कामगारांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली.

म्हणून कंपनीचं नाव जरा बाजूला ठेवा. शिफ्टच्या आठ तासांत कोणतं काम करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही? मशिन सेटिंग? क्वालिटी? नव्या ट्रेनी पोरांना शिकवणं? माझ्या ओळखीतल्या एकाचं उत्तर होतं, 'कॅन्टीन'. हसू नका, तो सध्या सुट्टीच्या दिवशी केटरिंगवाल्याकडे हाताखाली राबतोय. नोकरी मात्र सोडलेली नाही.