खाऱ्या वाऱ्यातील शीतकपाट : ओळख, निगा आणि सुटे भाग

रत्नदुर्गाच्या पायथ्याशी वसलेल्या मिरकरवाडा बंदरात बर्फाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नौका समुद्रात निघण्यापूर्वी कारखान्यातील लाद्या फोडून त्यांचा चुरा खणांत भरला जातो आणि परतल्यावर सुरमई, पापलेट वा बांगडा यांचा भाव बऱ्याच अंशी त्या बर्फावरच ठरतो. मात्र याच वस्तीतील घराघरांत जे शीतकपाट, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेला ‘फ्रीज’, अहोरात्र चालू असते, त्याची माहिती फारच थोड्यांना असते. ते बंद पडले की कारागीर येतो, ‘गॅस संपला’ असे निदान करतो, पैसे घेतो आणि दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांचा हा अनुभव आहे.

मासळीवर उपजीविका करणाऱ्या घरात फ्रीज ही चैनीची वस्तू नव्हे. बाजारात न खपलेली मासळी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते ती त्यातच. मधुमेही व्यक्तीचे इन्सुलिनही तेथेच असते. त्यामुळे दुरुस्तीतील चूक केवळ पैशांपुरती राहत नाही.

‘गॅस संपला’ या शब्दप्रयोगातच गैरसमजाचे मूळ आहे. चुलीचा गॅस जळून संपतो. फ्रीजमधील प्रशीतक वायू खर्च होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबून तापवितो, मागील वा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता सोडून द्रवरूप होतो, केसासारख्या बारीक नळीतून पुढे जाऊन बर्फाच्या कप्प्याभोवती पुन्हा वायुरूप होतो आणि तसे होताना आतील उष्णता शोषून घेतो. हे चक्र पूर्णपणे बंदिस्त असते. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वापरून हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर केली जाते. तेव्हा वायू कमी झाला असेल, तर कोठेतरी छिद्र पडले आहे असाच त्याचा अर्थ होतो. ते छिद्र शोधून बुजविल्याशिवाय नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

हे छिद्र पडते कसे? समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. या थरात लोखंड वेगाने गंजते. जेथे तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र जोडलेले असतात, तेथे तर दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम पोखरले जाते. जुन्या फ्रीजमध्ये काळी जाळी मागे उघडी असे. तिचा गंज दिसे आणि ती बदलताही येई. अलीकडील बहुतेक नमुन्यांत या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत, फेसासारख्या उष्णतारोधकात दडविलेल्या असतात. दिसायला हे अधिक नीटस असले, तरी किनाऱ्यावरील घरासाठी ती सोय म्हणता येत नाही. कारण आत छिद्र पडल्यास तेथपर्यंत हात पोहोचत नाही. अशा वेळी जाणकार कारागीर आतील नळी वगळून मागे बाहेरून नवी जाळी बसवितो.

यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा वीजजोडणी काढून मागील व खालील भाग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा. विजेच्या जोडण्यांना ओला हात वा फडके लागू देऊ नये. पायांखाली स्टँड असावा. समुद्राकडील खिडकीसमोर फ्रीज ठेवू नये आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. बर्फाच्या कप्प्यात गोठून चिकटलेली मासळीची पिशवी सुरीने उचकटण्याची सवय मात्र सर्वांत घातक. कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतच वायूच्या वाहिन्या असतात. सुरीचे टोक लागले की फ्रीजचे आयुष्य तेथेच संपण्याचा संभव असतो. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या पेराइतका होण्यापूर्वीच फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा.

दाराभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात तिच्या घड्यांत काळी बुरशी धरते, पट्टी कडक होते आणि दमट हवा आत शिरते. मग कॉम्प्रेसर अखंड चालतो, वीजदेयक वाढते. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे व ओढून पाहावा. सहज निसटला तर तेथे फट आहे. पट्टी प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी. बदलावीच लागली, तर जुनी पट्टी सोबत नेऊनच नवी घ्यावी. कारण केवळ लांबी-रुंदी जुळून भागत नाही, खाचेत बसणाऱ्या कडेचा आकारही तोच असावा लागतो.

सुटे भाग मिळविण्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ‘दोनशे लिटरचा, लाल रंगाचा’ एवढ्या वर्णनावर दुकानदार योग्य भाग देऊ शकत नाही. एकाच कंपनीचे एकाच आकाराचे फ्रीज वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या अंतर्भागांसह निघतात. खरी ओळख असते ती माहितीपट्टीवर. ही पट्टी बहुधा आतील भिंतीवर भाजीच्या खणाजवळ किंवा मागे कॉम्प्रेसरच्या वर असते. नमुना क्रमांक, अनुक्रमांक, विद्युतदाब, प्रशीतकाचे नाव आणि त्याचे ग्रॅममधील वजन हे सारे तिच्यावर असते. मागील बाजूची पट्टी खाऱ्या हवेत काही वर्षांतच पुसट होते. म्हणून फ्रीज नवा असतानाच हा मजकूर उतरवून घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवावा. शाळेतील मुलांना विज्ञानाच्या तासाला आपापल्या घरची पट्टी वाचून आणण्यास सांगितले, तर हे काम एका आठवड्यात वस्तीभर होऊ शकेल.

पट्टीवरील प्रशीतकाचे नाव विशेष महत्त्वाचे. गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारात आणला, त्या काळापासून पुढील काही दशके आर-१२ हा वायू वापरला जाई. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो हटविण्याचे ठरले. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० च्या आरंभापासून असे वायू प्रशीतनातून हद्दपार झाले. त्यांची जागा आर-१३४ए ने घेतली. तो ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वीच्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक भर घालणारा आहे. त्यामुळे नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, सर्रास आढळतो.

आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. फ्रीजमध्ये तो बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी असतो व बंदिस्त असेपर्यंत धोका नाही. पण लहानशा स्वयंपाकघरात दारे-खिडक्या लावून, चूल वा देवाचा दिवा तेवत असताना नळी कापली अथवा तीत वायू शिल्लक असताना ज्योत लावून सांधा जोडला, तर भडका उडू शकतो. पट्टीवर आर-६००ए असल्यास काम मोकळ्या हवेत करावयास सांगावे, आणि कारागिराजवळ वायू मोजण्याचा वजनकाटा आहे की नाही हेही पाहावे. अंदाजाने भरलेला वायू कमी वा जास्त, दोन्ही प्रकारे घातक. एका वायूच्या जागी दुसरा भरणेही चूक होय, कारण कॉम्प्रेसर व त्यातील तेल त्या त्या वायूसाठीच ठरविलेले असते. चक्र एकदा उघडले की आर्द्रता शोषणारा फिल्टर बदललाच पाहिजे. तो जुनाच ठेवला असल्यास दुरुस्ती अपुरी समजावी.

कॉम्प्रेसर ‘गेला’ असे सांगितले जाते तेव्हा घाई करू नये. कॉम्प्रेसर क्षणभर गुरगुरून ‘टक्’ आवाजासह बंद होत असेल, तर दोष पुष्कळदा त्याच्या बाजूला बसविलेल्या रिलेत किंवा ओव्हरलोड रक्षकात असतो. हे भाग काही शे रुपयांत मिळतात. कॉम्प्रेसरला काही हजार पडतात. विद्युतदाब कमी असला तरीही असाच आवाज येतो. म्हणून प्रथम दाब, मग रिले आणि शेवटी कॉम्प्रेसर असा तपासणीचा क्रम असावा. कॉम्प्रेसर खरोखरच बदलावयाचा झाल्यास त्यावरील स्वतंत्र क्रमांक पाहून त्याच वायूचा व त्याच क्षमतेचा घ्यावा. जुन्या फ्रीजमधून काढलेले कॉम्प्रेसर रंग देऊन विकले जातात. ते स्वस्त वाटले तरी हमीपत्राशिवाय घेऊ नयेत. बदललेला जुना भाग ग्राहकाने मागून घ्यावा.

सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकाला सुलभ व्हावी यासाठी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले. हमीच्या मुदतीत भाग नाकारला गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत आहे. मात्र यासाठी पावती आणि उपरोक्त पट्टीवरील क्रमांक हाताशी हवेत.

२०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे जिल्ह्याने अनुभवली. कित्येक गावांत वीज दीर्घकाळ खंडित झाली. अशा वेळी दार न उघडल्यास फ्रीजमधील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. भरलेला बर्फकप्पा स्वतंत्र दाराचा असल्यास अधिक काळ थंड राहतो. वितळून कोमट झालेली मासळी पुन्हा गोठवू नये. वीज परतताच फ्रीज लगेच चालू न करता पाचएक मिनिटे थांबावे, म्हणजे आतील दाब समान होऊन कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सियस तापमान लागते. ते मधल्या फळीवर ठेवावे, बर्फकप्प्यालगत नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

दुरुस्तीपलीकडे गेलेला फ्रीज भंगारात देताना नळ्या कापून वायू हवेत सोडला जातो, कपाट किनाऱ्यावर पडून राहते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रीजचा समावेश असून, त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रामार्फत लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नगरपरिषद व परिसरातील ग्रामपंचायतींनी वर्षातून एक संकलनाचा दिवस ठरविल्यास, आणि त्याच दिवशी टाकाऊ फ्रीजची दारे काढून ठेवल्यास, मुले खेळता खेळता आत अडकण्याचा धोकाही टळेल.